उजव्या बाजूचं टिंब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे कुणालाच नाही, बायकोलाही नाही. ती आत्ता आत गवार मोडत बसलीय आणि तिला वाटतंय, मी सोसायटीला पाण्याच्या तक्रारीचा अर्ज लिहितोय. वाटू दे. असे अर्ज मी ढिगाने लिहिलेत, त्यांचं पुढे काय होतं ते तिला ठाऊक आहे, त्यामुळे ती डोकावून बघायची नाही.

तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे. ओळखत असतात तर म्हणाला असतात — कोण, वसंतराव? छे हो, सरळ माणूस. लालबाग-परळच्या जुन्या मोटारवाल्यांना विचारा. वसंता मिस्त्रीचा हात लागलेली गाडी त्याच दुखण्यासाठी पुन्हा गॅरेजात येत नाही, असं म्हणायचे. मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

एक गाडी आली होती. दोरीने बांधून, ओढत आणलेली.

कुठून सांगू? सरळ सांगायला गेलं तर दोन ओळींत होतं. आणि दोन ओळींत सांगितलं की तुम्हीच म्हणाल — एवढंच? एवढ्यासाठी म्हातारा इतकी वर्षं तोंड दाबून बसला? म्हणून जरा मागून येतो. कंटाळलात तरी थांबा थोडं.

आम्ही गिरगावातले. वडील एका कचेरीत कारकून, दोन्ही थोरले भाऊ कारकून, काका कारकून. आमच्या चाळीत मुलगा मॅट्रिक झाला की पुढचं ठरलेलंच असायचं. मी दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा बसलोच नाही. वडिलांच्या ओळखीचे एक अण्णा होते, मूळचे मालवणकडचे. लालबागहून परळकडे जाताना, गिरणीच्या भिंतीला लागून त्यांचं मोटारदुरुस्तीचं गॅरेज होतं. तिथे मला चिकटवलं. घरी कुणी आलं की वडील सांगायचे, धाकटा मोटार लाइनीत आहे. आणि पाहुण्यांना माझी नखं दिसू नयेत म्हणून आई मला चहा घेऊन बाहेर पाठवायची नाही. हसू नका. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

अण्णांकडे माझ्या आधीपासून एक जण होता, विश्राम. परळच्या चाळीत राहायचा, बाप गिरणीत. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा असेल. काम मला त्यानेच शिकवलं — हे आधी लिहून टाकतो, नाहीतर राहून जाईल. त्याचा कान असा होता, की लोखंडावर हलकेच हातोडी मारायचा, मान वाकडी करून ऐकायचा आणि सांगायचा, ह्यात चीर आहे. बाहेरून काही दिसायचं नाही. कापून बघितलं की चीर असायचीच. अण्णांचे डोळे अधू होत चालले होते आणि त्यांच्यामागे गॅरेजचा मिस्त्री विश्रामच होणार, हे कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही माहीत होतं. मलाही माहीत होतं. खुपत होतं का? होतं. मॅट्रिक नापास का असेना, मी गिरगावातला, चांगल्या घरातला, आणि तो — पुढचं वाक्य मी तेव्हा मनातसुद्धा पुरं करत नसे. करायची गरजच पडत नसे.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. भिंती चुन्याने लिहिलेल्या घोषणांनी भरलेल्या, आज इथे मोर्चा तर उद्या तिथे सभा. विश्राम आणि मी सुरुवातीला बरोबरच जायचो. त्याचा आवाज मोठा. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' तो म्हणायचा आणि 'झालाच पाहिजे' आम्ही मागचे. त्याच सुमारास त्याच्या घरच्यांनी, त्याच्या अख्ख्या चाळीनेच, धर्म बदलला. बौद्ध झाले. विश्राम होता तसाच राहिला. तसंच उशिरापर्यंत काम, तीच बिडी, तीच थट्टा. फक्त दसऱ्याला एक झालं.

गॅरेजात दसऱ्याला अवजारांची पूजा असायची. पाने, हातोड्या, जॅक, सगळं चटईवर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं. आदल्या दिवशी विश्रामने एकेक पाना रॉकेलने धुऊन आरशासारखा केला. आणि पूजेच्या वेळी दारात जाऊन उभा राहिला. म्हणाला, "अण्णा, मी पुसून दिलंय सगळं. पूजा तुम्ही करा. मला आता नाही जमायचं." अण्णा म्हणाले, "ऱ्हवांदे." म्हणजे, राहू दे. पण त्यांच्या कपाळावर आठी पडली, ती मी बघितली. बघितली आणि लक्षात ठेवली. का ठेवली असेल? तेव्हा मला तिचा काही उपयोग नव्हता.

आता टिंबाचं सांगतो. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे नट पुरता आवळून झाला की त्यावर रंगाचं टिंब लावायची पद्धत होती. अर्धं टिंब नटावर आणि अर्धं नट ज्या पट्टीवर बसतो तिच्यावर. नट जरा जरी फिरला तरी टिंब फाटलेलं दिसतं. प्रत्येकाचा रंग वेगळा. माझा पिवळा, विश्रामचा निळा. पेंटरकडे डब्यांत तळाशी उरलेले रंग, ज्याने जो उचलला तो त्याचा. टिंब लागलं म्हणजे काम झालं, आणि ज्याचा रंग त्याची जबाबदारी. दुसऱ्याच्या टिंबावर आपला पाना लावायचा नाही, हाही नियमच. कुठे लिहिलेला नव्हता, पण होता. लावला तर त्याचा अर्थ — तुझ्या हातावर माझा भरवसा नाही.

विश्रामने एकदा माझ्या टिंबावर पाना लावला. एका टॅक्सीच्या चाकाजवळचा नट होता. त्याला काय शंका आली कोण जाणे, त्याने पाना घातला आणि नट चांगला पाव वळसा फिरला. अण्णा तिथेच उभे होते. विश्रामने, पुन्हा पिवळं टिंब लाव म्हणून, डबा माझ्याकडे सरकवला, बस. आणि मी — चूक माझी, नट माझा ढिला — मी सगळ्यांच्या देखत त्याला म्हणालो, "माझ्या टिंबाला हात लावायचा नाही. सांगून ठेवतो."

हात लावायचा नाही. त्या दिवसांत माझ्यासारख्याने त्याच्यासारख्याला हे शब्द म्हणायचे, म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. मी चुकून बोललो का? नाही. जिभेवर दुसरे शब्दही होते. मी हेच निवडले. त्याचा चेहरा एकदम कोरा झाला. त्यानंतर त्याने माझ्या टिंबाला कधीही हात लावला नाही. हे तेवढं ध्यानात ठेवा.

मग डॉक्टरांची गाडी आली.

डॉक्टर शिवाजी पार्कला राहायचे. मोठी काळी अमेरिकन गाडी, चार दारांची. रविवारी बायको आणि दोन मुलींना घेऊन त्यांची फेरी ठरलेली. वळणावर गाडी बोटीसारखी कलते अशी तक्रार होती. मागच्या चाकांच्या मध्ये, गाडीच्या पोटाखाली एक आडवा रॉड असतो. वळताना गाडी एका अंगावर जायला लागली की तो तिला धरून ठेवतो. आम्ही त्याला बॅलन्स रॉड म्हणायचो. तो उजव्या टोकाला तुटला होता. नवा परदेशातून यायचा तर महिने गेले असते. विश्राम रे रोडला जाऊन भंगारवाल्यांकडे दोन दिवस हिंडला. त्याच जातीच्या मोडक्या गाड्यांचे तीन रॉड मिळाले, तिन्ही त्याने हातोडीने वाजवून बघितले आणि त्यातला एक खांद्यावर टाकून घेऊन आला. म्हणाला, "हा बोलतोय नीट."

शनिवारी दुपारी तो बसवायला घेतला. संध्याकाळी डॉक्टर गाडी न्यायला येणार होते. आणि संध्याकाळीच शिवाजी पार्कला सभा होती, मोठी.

हा रॉड बसवायची एक रीत आहे. गाडी जॅकने उचलून ठोकळ्यांवर ठेवायची, रॉड लावायचा, दोन्ही टोकांचे नट नुसते हाताने फिरवून बसवायचे. मग गाडी खाली, चाकांवर उतरवायची. गाडीचं वजन पडलं की आतलं रबर आपल्या जागेवर बसतं, आणि त्यानंतरच खड्ड्यात उतरून, खालून पान्याने नट आवळायचे. हवेत आवळायचे नाहीत. हे मला विश्रामनेच शिकवलेलं. डावं टोक त्याचं होतं. उजवं माझं.

आणि मला सभेला जायचं होतं. पुढची जागा हवी होती. मैदानाच्या मागच्या टोकाला उभं राहून काही ऐकू येत नसे, आणि खरं सांगायचं तर ऐकण्यापेक्षा मला तिथे दिसायचं होतं. दादरच्या एका घरी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, मुलीचे भाऊ चळवळीत होते, ते पुढे बसायचे. हे कारण सांगतोय, सबब नाही. गाडी अजून ठोकळ्यांवर होती, आणि अण्णांचा दंडक — टिंब लागल्याशिवाय कुणी हात धुवायचे नाहीत.

मी नट बोटांनी फिरवला, जेमतेम बसवला, आणि त्यावर पिवळं टिंब लावलं.

अण्णांनी विचारलं, "लागलं?" म्हटलं, लागलं. त्यांना एवढं खाली वाकून दिसत नव्हतंच. विश्रामने मात्र पाहिलं. "हवेतच आवळलंस?" त्याने विचारलं. त्याच्या हातात पाना होता. तो तेव्हाच खाली वाकून एक वळसा देता तर? पण मी म्हणालो, "माझं मी बघितलंय. तुला पुन्हा पाना लावायचाय का माझ्यावर?" त्याने पाना खाली ठेवला.

मी हात धुतले आणि गेलो. सभेत पुढे जागा मिळाली. न्याय, हक्क, अन्याय सहन करणार नाही — सगळ्याला घसा फोडून साथ दिली. तिकडे विश्रामने गाडी उतरवली, डावं टोक आवळलं, निळं टिंब लावलं आणि किल्ली डॉक्टरांच्या हातात दिली.

रविवारी सकाळी परळच्या वळणावर उजवा नट गळून पडला. रॉडचं ते टोक सुटून खाली लोंबलं आणि ट्रामच्या रुळात अडकलं. गाडी मागून फेकली गेली आणि कठड्यावर आदळली. डॉक्टरांच्या थोरल्या मुलीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तेरा-चौदा वर्षांची होती. बाकी कुणाला फार लागलं नाही. ती बरी झाली, पुढे लग्न झालं तिचं, हे मी लांबून माहीत करून घेतलं. पण एक हात तिला डोक्याच्या वर नेता यायचा नाही, असंही कळलं.

तर ही माझी चूक — असं म्हणून मी इथे थांबू शकतो. खूपदा मनातल्या मनात इथेच थांबलोय. घाई केली, पोर जखमी झाली, झालं. पण एवढंच असतं तर मी कधीच कुणाला सांगितलं असतं. घाई कुणाच्याही हातून होते.

सोमवारी सकाळी गाडी ओढत आणून खड्ड्यावर उभी केली. अण्णा तिच्याभोवती एकदा फिरले. म्हणाले, मी येईपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही. मग विश्रामला घेऊन ते डॉक्टरांकडे गेले, कारण किल्ली त्याने दिली होती. बाकीच्यांना त्यांनी सुट्टी दिली. मला गॅरेज सांभाळायला ठेवलं.

मी एकटा. समोर ती गाडी. बाकावर बसून राहिलो. अण्णा मला काढतील, हे उघड होतं. वडील काय म्हणतील, तेही उघड होतं. कारकून होता आलं नाही, आता हेही नाही. दादरची बोलणी मोडणार. कुठूनही बघितलं तरी त्या गाडीखाली माझं पिवळं टिंब होतं. म्हणजे नट पडला होता, नटावरचं अर्धं गेलं होतं, पण पट्टीवरचं अर्धं तिथेच असणार. अण्णा खाली उतरणार आणि कंदील वर धरणार. दार उघडं होतं, निघून जाऊ शकलो असतो. किंवा बसून राहू शकलो असतो, आणि ते आल्यावर म्हणू शकलो असतो — अण्णा, माझं आहे. तीन शब्द. तासभर मी ते तीन शब्द तोंडात घोळवले.

मग उठलो. रॉकेलचा बोळा घेतला. खड्ड्यात उतरलो आणि पट्टीवरचं पिवळं पुसून काढलं.

इथेही थांबू शकलो असतो. पण नुसतं पुसून काय होणार? अण्णा विचारणार, उजवी बाजू कुणाची, टिंब का नाही, आणि विश्राम सांगणार, वसंताची. मोकळी पट्टी मला वाचवत नव्हती. म्हणून मी वर आलो, विश्रामचा डबा उघडला, काडीने निळा रंग घेतला, पुन्हा खाली उतरलो आणि पिवळं होतं त्याच जागी निळं अर्धं टिंब लावलं. अर्धंच. कड नीट गोल काढली, जणू नटाखाली कापली गेलीय. इतकं नेटकं काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

हे आहे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

ते दोघे परतले. अण्णांनी विचारलं, उजवी बाजू कुणाची? मी म्हणालो, मी नुसता रॉड धरला होता, आवळलं सगळं विश्रामने, मला सभेला जायचं होतं. विश्रामने माझ्याकडे बघितलं, पण रागाने नाही. मी काहीतरी विसरतोय, आत्ता माझ्या ध्यानात येईल, असं त्याला वाटल्यासारखं बघितलं. मग कंदील घेऊन तो खड्ड्यात उतरला. अण्णा त्याच्यामागे उतरले. मी वरून, कडेला उभा राहून बघत होतो.

विश्रामने कंदील वर धरला आणि तो थांबला. मग त्याने अंगठा पट्टीवर टेकवला.

रंग ओला होता. तासभर बाकावर बसण्याऐवजी मी लगेच खाली उतरलो असतो, तर निदान वरून वाळला असता. गॅरेजात वाढलेला माणूस मी, रंगाला वाळायला वेळ लागतो हे विसरलो होतो. त्याने अंगठा कंदिलाजवळ आणला. निळा झाला होता. शनिवारचं टिंब सोमवारी ओलं. अण्णांना दिसलं नाही, ते पट्टीकडे डोळे बारीक करून बघत होते. विश्रामने फक्त अंगठा त्यांच्यापुढे धरायचा होता, बस. मी वर उभा होतो. त्याने वर, माझ्याकडे बघितलं.

"निळं आहे," अण्णा म्हणाले. "ह्यां काय केलंस रे तू?"

विश्रामने अंगठा आपल्या सदऱ्याला पुसला. म्हणाला, "निळं आहे ना अण्णा? मग माझंच म्हणायचं."

तो का बोलला नाही? हा प्रश्न मी इतक्या वर्षांत सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलाय. मला वाचवलं? मी त्याचा कोण लागत होतो? की त्याला वाटलं, अंगठा दाखवूनही अण्णा म्हणतील, रंग तूच आत्ता लावलास? अण्णांच्या तोंडून लगेचच दसरा निघाला. अवजारांना जो नमस्कार करत नाही त्याच्या हातून असंच व्हायचं, खड्ड्यातून वर येत अण्णा म्हणाले. ती आठी. मी लक्षात ठेवलेली. विश्रामने ते ऐकलं, सदरा झटकला, आपला डबा उचलला आणि गेला.

पुढचं सोपं आहे. डॉक्टरांना नाव सांगितलं गेलं. लालबाग ते दादर, एकाही गॅरेजने त्याला उभं केलं नाही, आमच्या धंद्यात बातमी गाडीच्या आधी पोचते. कळलं की तो रे रोडच्या लाकडाच्या वखारीत लागलाय, ओंडके उचलायला. लोखंडातली चीर ऐकणारा माणूस. अण्णांनी मला मिस्त्री केलं. रंगांची भानगड नको म्हणून त्यांनी सगळ्या गॅरेजला एकच रंग ठरवला. पिवळा. दादरची सोयरीक जमली, तीच ही आत गवार मोडतेय. तिच्या भावांना मी पसंत पडलो कारण सभेत पुढे बसायचो.

आणि मी अडकलो. दुसरीकडे जाऊन का नाही लागलो? दोनदा प्रयत्न केला. अण्णा सोडेनात, म्हणायचे, एकच विश्वासाचा माणूस उरलाय. त्यांच्या तोंडून ते ऐकायचं आणि त्याच खड्ड्यात उतरायचं. खालून वर बघितलं की कडेला कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. प्रत्येक दसऱ्याला नारळ मला फोडायला लागायचा. अण्णा गेले, त्यांच्या मुलाने गॅरेज चालवलं, त्यालाही मीच लागायचो. मिस्त्री म्हणून मी नट तीनतीनदा बघायचो, दुसऱ्यांच्या टिंबांवरही पाना लावायचो. कुणी चिडलं नाही. वसंतराव कडक आहेत, म्हणायचे. मला सोडवायला कुणी येणार नव्हतं, कारण मी आत आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. एकाला सोडून.

तो एक आता नाही. वारला. मुलगा बँकेत आहे त्याचा, मुलगी शिक्षिका. दोघांची नावं मला माहीत आहेत, कुठे राहतात तेही माहीत आहे. गेला तेव्हा मी गेलो नाही. हा कागदही मी तिकडे पाठवणार नाही. हे लिहिताना हात थांबला, पण खरं आहे ते आहे.

एक राहिलं. हे खरं तर सांगणारच नव्हतो.

महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला, त्या दिवशी परळला माणसांचा पूर होता. चाळींना रोषणाई, ढोल-लेझीम, गुलाल, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. त्या गर्दीत विश्राम माझ्यासमोर आला. खांद्यावर लहानगा मुलगा. विश्राम वाळला होता, सदऱ्याला लाकडाच्या भुशाचा वास. मी वळायला बघितलं, पण मागे माणसांची भिंत. त्यानेच हात पुढे केला, माझ्या कपाळाला गुलाल लावला. आणि कानाजवळ तोंड आणून, जुनी थट्टा करावी तशा सुरात म्हणाला, "काय वसंता, अजून हवेतच आवळतोस काय रे?"

मग तो थांबला. गर्दी धक्के देत होती तरी थांबला. पोराचे पाय धरून, माझ्याकडे बघत. मी काहीतरी म्हणावं म्हणून थांबला होता. तेवढंच हवं होतं त्याला, मला आता पक्कं ठाऊक आहे. तेव्हाही ठाऊक होतं.

मी हसलो. मोठ्याने, मान हलवत, विनोद कळल्यासारखा हसलो. म्हणालो, "चल, भेटू." तो गर्दीत दिसेनासा झाल्यावरही मी हसतच होतो. कपाळावर गुलाल होता. लोकांना वाटलं असेल, आनंदाने हसतोय.